दोन किलोमीटरची फेरी

ही गोष्ट सांगायचं मी सात वर्षं टाळलं. तेही पूर्ण खरं नाही. सांगितली, पण खोटी सांगितली. ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये, ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळांत, एकदा तर एका कंपनीच्या कँटीनमध्ये मी ‘धावणाऱ्याचं मन’ या विषयावर बोललो आणि दर वेळी डोंबिवलीकडच्या एका बाईंचं उदाहरण दिलं. पाय तयार होते, मन तयार नव्हतं, असं म्हणालो की लोक माना डोलवायचे. आता मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. त्या माना डोलवणाऱ्यांचा मला अलीकडे फार वैताग येतो, आणि त्यांचा काही दोष नाही हे कळत असल्यामुळे जास्तच येतो. म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

डोंबिवलीच्या मानपाड्याजवळ, एमआयडीसीत, रविवारी सकाळी पावणेनऊला नंदा रस्त्याच्या दुभाजकावर बसली होती.

“उठ,” मी म्हणालो.

“नाय सर.”

“कुठे दुखतंय?”

“कुठं नाय.”

“दम लागलाय?”

“नाय.”

“मग?”

तिने मनगट पुढे केलं. घड्याळात अठ्ठावीस किलोमीटर दिसत होते. “अठ्ठावीस झालं,” ती म्हणाली, जणू शेवटचं स्टेशन आलं.

लागोपाठ तिसऱ्या रविवारी हेच झालं होतं. दहा मिनिटांनी ती उठली, टपरीवर चहा घेतला, टपरीवाल्याशी भांडून त्याला कप पुन्हा धुवायला लावला आणि सहज चालत घरी गेली. थकलेली माणसं कपावरून भांडत नाहीत.

माझा धंदा थोडा समजावून सांगतो. मी ठाण्यातल्या एका शाळेत पीटीचा शिक्षक होतो. निवृत्त झाल्यावर नौपाड्यातल्या एका रनिंग ग्रुपने मला कोच म्हणून घेतलं. मोठ्या माणसांना शिकवणं शाळेतल्या मुलांना शिकवण्यापेक्षा कठीण असतं. मुलं ऐकत नाहीत. मोठी माणसं ऐकतात, मग घरी जाऊन मोबाइलवर दुसरं काहीतरी वाचतात.

फुल मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची असते, वर थोडी. पण सरावात कोणी बेचाळीस पळत नाही. आठवड्यातून एकदा ‘लाँग रन’ करायचा, तो हळूहळू वाढवत तीस-बत्तीसपर्यंत न्यायचा आणि तिथे थांबायचं. पुढचे दहा किलोमीटर फक्त शर्यतीच्या दिवशी पळायचे, ते सुद्धा भरवशावर. मनाचा जो काही प्रश्न आहे तो त्या दहा किलोमीटरचा. कधी न केलेली गोष्ट आपल्याला जमेल, हे माणसाने कशाच्या आधारावर मानायचं? आधार एकच, सरावाचे आकडे. आणि कोचचा शब्द.

नंदा तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती. मूळची तिथल्याच गावची. सासऱ्यांच्या भातशेतीवर आता टॉवर उभे होते आणि घरातल्या सगळ्यांची वजनं त्या टॉवरांबरोबर वाढली होती, हे तिचंच वाक्य. डॉक्टरांनी शुगर सांगितली म्हणून ती चालायला लागली, चालता चालता पळायला लागली, दोन हाफ मॅरेथॉन केल्या. फुल करायची म्हटल्यावर जाऊ म्हणाली, “बेचालीस किलोमीटर? अगो, तवऱ्यान लग्नाची वरात दोनदा जाऊन येल.” सगळं घर हसलं. नंदाही हसली, दुसऱ्या दिवशी तिने फॉर्म भरला आणि आमच्या ग्रुपमध्ये आली. नवरा हरेश तिच्या बाजूने होता, मुलगी सायली तेव्हा बारा वर्षांची होती. गावातून फुल मॅरेथॉनला उतरलेली ती पहिली बाई. त्यामुळे तिचं पूर्ण करणं-न करणं ही तिची एकटीची गोष्ट राहिली नव्हती.

एरवी माझ्याशी ती ठाण्याच्या मराठीत बोलायची. पळताना घरची बोली बाहेर यायची. “सर, कवरं झालं?” हा तिचा दर पाच मिनिटांचा प्रश्न. किती झालं, किती झालं. मला वीट आला होता. मनगटावर घड्याळ असून मला विचारायची.

तिसऱ्या रविवारी परत येताना मी आपट्यांच्या गाडीत बसून चिडचिड करत होतो. आपटे म्हणजे आमच्या ग्रुपचे सर्वेसर्वा. स्वतः कधी पाच किलोमीटरच्या वर गेले नाहीत, पण टी-शर्टचा रंग, बॅनर, फोटो, सगळं त्यांच्याकडे.

“मास्तर, बाईंना भीती वाटते. गोड बोला जरा.”

“भीती-बिती काही नाही. आकडा डोक्यात बसलाय.”

“मग काढा की आकडा.”

ते सहज बोलले. मला मात्र युक्ती सुचली. अशा युक्त्या आमच्या धंद्यात जुन्या आहेत. शाळेत पोरांना ‘शेवटची फेरी’ म्हणून तीन फेऱ्या मी चाळीस वर्षं मारायला लावल्या.

एमआयडीसीतले कारखाने रविवारी बंद असतात. तिथले चार रस्ते जोडून मी एक फेरी आखली. शाळेत मैदान मोजायची चाकाची काठी होती, ती घेऊन स्वतः चालत मोजली. दोन पूर्णांक तीन किलोमीटर भरली. नंदाला सांगितलं, दोन.

“घड्याळ दे इकडे,” मी म्हणालो. “यापुढे रविवारी घड्याळ घालायचं नाही. फेऱ्या मी मोजणार.”

तिने निमूट काढून दिलं. आता एक गोष्ट लक्षात घ्या. ती फेरी तिच्या घरापासून दहा मिनिटांवर होती. हरेशच्या बाइकवरून एक चक्कर मारली असती तर आकडा कळला असता. त्या घरातल्या कोणी ती मोजली नाही. सरांनी सांगितलं म्हणजे दोन.

पहिल्या रविवारी बारा फेऱ्या. तिच्या हिशेबाने चोवीस, प्रत्यक्षात साडेसत्तावीसच्या वर. दुसऱ्या रविवारी तेरा. तिच्या हिशेबाने सव्वीस, खरे जवळजवळ तीस. ती तिसाला हसत आली! मी टपरीमागे जाऊन आपट्यांच्या हातावर टाळी दिली. तिसऱ्या रविवारी साडेतेरा फेऱ्या, म्हणजे तिला सांगितले सत्तावीस आणि ती पळाली एकतीस. तो अठ्ठावीसचा आकडा तिच्या नकळत कधीच मागे पडला होता.

ठरल्याप्रमाणे त्याच दिवशी मी तिला खरं सांगणार होतो. युक्तीचा अर्थच तो होता. आधी फसवायचं, मग दाखवायचं की बघ, तुझे पाय एकतीस करून आले. त्याशिवाय ती युक्ती नाही, नुसती थाप आहे.

“आता नका सांगू,” आपटे म्हणाले.

“का?”

“अहो, जमतंय ना? चालत्या गाडीला कशाला हात लावता? शर्यत पुरी झाली की फिनिश लाइनवर सांगू. मी व्हिडिओ काढतो. ग्रुपला काय फायदा होईल बघा.”

दोष आपट्यांवर ढकलायचा असता तर हे लिहायला बसलो नसतो. व्हिडिओची कल्पना मला आवडली. नंदा रडतेय, हसतेय, सर तुम्ही पण ना, असं म्हणतेय, आणि शेजारी मी. मी ते चित्र मनात पाच आठवडे पाहिलं.

त्याच आठवड्यात तिचा फोन आला.

“सर, मी हळू झाले का?”

“कोण म्हणालं?”

“असंच वाटतंय.”

“वाटणं बंद कर. घड्याळाकडे बघू नको म्हटलं ना?”

“बघत नाय सर. पन शर्यतीत ती बस असते ना मागची, ती कधी येते?”

ही बस म्हणजे काय ते सांगतो. शर्यतीला वेळेची मर्यादा असते, त्या शर्यतीला सहा तासांची होती. जे त्या वेगात बसत नाहीत त्यांना मागून येणारी बस गोळा करते, कारण रस्ता वाहतुकीला मोकळा करायचा असतो. चांगल्यासाठीच असते, पण पळणाऱ्याला तिच्याइतकी लाज कशाची वाटत नाही. नंदासाठी मी तशी बस मनातही आणली नव्हती. माझ्या हिशेबाने ती सव्वापाच तासांत येणार होती.

“बसचं तिकीट काढलंयस का?” मी म्हणालो. “धाव तू नुसती.”

पुढच्या दोन आठवड्यांत तिने बसबद्दल आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी करवादलो. एक माणूस तीनदा तेच विचारतं तेव्हा त्यामागे काहीतरी असतं, हे शाळेतल्या पहिल्या वर्षाच्या शिक्षकालाही कळतं. मला कळलं नाही, कारण मला तिची पुढची गोष्ट आधीच माहीत होती.

शर्यतीआधीचे तीन आठवडे पळणं कमी करायचं असतं. त्याला ‘टेपर’ म्हणतात. हाडांना, स्नायूंना भरून यायला वेळ द्यायचा. सगळ्यांना हा काळ सहन होत नाही, नुसतं बसून राहिलं की शंका येतात. मी तिला छापील कागद दिला. इतकंच पळायचं, वर एक पाऊल नाही. ती हो म्हणाली.

शर्यत ठाण्यातच होती. एकतिसाव्या किलोमीटरच्या पाटीशी मी आणि आपटे केळी आणि मीठ-लिंबाचं पाणी घेऊन उभे होतो. शेजारी हरेश, सायली आणि ती वरातवाली जाऊ. जावेच्या हातात हळदी-कुंकवाचं ताट होतं. घरच्यांनी तिचं औक्षण तिथेच रस्त्यात करायचं ठरवलं होतं.

नंदा आली ती उजवा पाय ओढत.

“काय झालं?”

“नडगी दुखतेय सर. लय दुखतेय.”

“कधीपासून?”

“विसापासून... आधीपासून थोडी.”

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पायाकडे पाहिलं नाही. मला वाटलं, आला तो आकडा. अठ्ठावीसला नाही तर एकतिसाला, पण आला.

“हे तुझं डोकं आहे,” मी म्हणालो. “पाय उत्तम आहेत तुझे.”

“नाय सर, खरंच मना नाय जमत...”

“तेच ‘नाय सर’! दुभाजकावर बसायचीस तेव्हा पण तेच! नंदा, मन कमकुवत आहे तुझं, पाय नाही. चल!”

मी मोठ्याने ओरडलो. मैदानावर कमावलेला आवाज आहे माझा. रस्त्यापलीकडची माणसं वळून बघायला लागली. जाऊ ताट धरून तशीच उभी राहिली. नंदाने पाण्याचा एक घोट घेतला आणि पुढे निघाली. एक पाय टाकायचा, दुसरा उचलून आणायचा. ती तशी दोन किलोमीटर गेली. मग बसली.

पाऊण तासाने बस आमच्यासमोरून परत गेली. नंदा खिडकीत होती. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. सायली “आई, आई” करत बसमागे थोडी पळाली आणि थांबली. जावेने ताटावर पदर टाकला. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “सर, रागवायला नको होतं वो तुमी.”

पुढच्या रविवारी नौपाड्यातल्या हॉलमध्ये ग्रुपचा कार्यक्रम झाला. ज्यांनी शर्यत पुरी केली त्यांना मेडल घालून फोटो. मी बोललो. पाय तयार होते, मन नव्हतं, हे वाक्य मी तिथे पहिल्यांदा वापरलं. नाव घेतलं नाही, त्याची गरजही नव्हती. ती आली नव्हती आणि का आली नाही ते सगळ्यांना ठाऊक होतं.

बुधवारी हरेश घरी आला. हातात मोठं पाकीट आणि एक शाळेची वही.

“सर, फ्रॅक्चर हाय. बारीक. डॉक्टर बोलतात, एका दिवसात होत नाय हे, सारखं पळून पळून हाड थकतं. त्यांना लिहून पायजे, कुठल्या आठवड्यात किती पळाली.”

“मी दिलेला कागद आहे ना?”

“तो हाय. पन...” त्याने वही पुढे केली. “ती दुपारची पन पळायची सर. शेवटचे तीन आठवडे. सायली शाळेत, मी साइटवर. मना पन आता कळलं. तुमी रागवाल म्हणून बोलली नाय.”

मी वही उघडली. सायलीची जुनी गणिताची वही होती, मागची पानं वापरलेली. तारीख, किलोमीटर, वेळ, आणि चौथ्या रकान्यात पेस. पेस म्हणजे एका किलोमीटरला लागलेला वेळ. रविवारी मी घड्याळ घालू देत नव्हतो, पण निघताना आणि घरी पोचल्यावर भिंतीवरचं घड्याळ होतंच. त्यातून येण्या-जाण्याची मिनिटं वजा करून तिने गणित केलं होतं.

सव्वीस किलोमीटर, तीन तास चाळीस मिनिटं. पेस साडेआठ मिनिटांना दोन सेकंद कमी.

सत्तावीस किलोमीटर, तीन तास पन्नास. पेस साडेआठच्या वर.

त्याखाली तिने पेनाने गुणाकार केला होता. या वेगाने बेचाळीस किलोमीटर म्हणजे पाच तास एकोणसाठ मिनिटं. त्यापुढे एकच शब्द, दोनदा अधोरेखित: बस.

आठवड्यात मधल्या दिवशी घड्याळ घालून ती एकटी पळायची, त्या ओळींत पेस सात मिनिटांचा होता. म्हणजे तिला काय दिसत होतं? एरवी आपण बऱ्या पळतो, आणि सरांसमोर, लांब पल्ल्यावर, किलोमीटरमागे दीड मिनिट हळू होतो, आठवड्यागणिक आणखी हळू. सहा तासांत एक मिनिट शिल्लक. म्हणून ती दुपारी पळायची. वेग यावा म्हणून.

मी अंतर कमी सांगितलं होतं. अंतर कमी आणि वेळ तोच, म्हणजे वेग कमी. पाचवीतलं गणित. चाळीस वर्षं स्टॉपवॉच हातात धरणाऱ्या माणसाला ते सुचलं नाही. तिचा खरा पेस होता साडेसातच्याही आत. बस तिच्यापासून पाऊण तास लांब होती.

“सर?” हरेश म्हणाला. “रविवारचे आकडे बरोबर हायत ना? डॉक्टरांना देऊ?”

स्वयंपाकघरात हिने चहाचं आधण ठेवलेलं ऐकू येत होतं. मी वही बंद केली.

“बरोबर आहेत,” मी म्हणालो.

ही दुसरी थाप. पहिलीला निदान युक्ती म्हणता येतं.

नंदाचं हाड तीन महिन्यांत जुळलं. ती पुन्हा पळाली नाही. आपटे दोन वर्षांनी पुण्याला मुलाकडे राहायला गेले. त्यांना मी वहीबद्दल बोललो नव्हतो. ग्रुपमध्ये नवी माणसं आली, त्यांना मन कणखर कसं करायचं ते अर्ध्या तासात हवं असायचं. मी सांगत राहिलो. डोंबिवलीकडच्या बाईंचं उदाहरण फार चालायचं.

या धंद्यातून शिकलो ते एवढंच, आणि नव्या कोचनी ते कुठेतरी लिहून ठेवावं: माणसाच्या मनावर काम करायचं असेल तर आकड्यांना हात लावू नका. तुम्ही एक आकडा बदलता, तो माणूस घरी बसून बाकीचे सगळे त्याच्याशी जुळवून घेतो. आणि जुळत नाही तेव्हा चूक स्वतःत शोधतो, तुमच्यात नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी मानपाड्याला गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, फार नव्हतं. नंदा, ती फेरी दोन किलोमीटरची नव्हती, दोन पूर्णांक तीनची होती. तू एकतीस पळालीस. तू हळू नव्हतीस. मी सगळ्यांदेखत जे बोललो ते खोटं होतं, मला माफ कर.

तिने दारातच ओळखलं. “अगं बाई, सर!” पाणी आलं, करंज्या आल्या, हरेशला फोन गेला. ती जाड झाली होती, चष्मा लागला होता. सायली एकोणीस वर्षांची, उंच. टेबलावर पोलीस भरतीचे कागद होते.

“हिला समजवा सर,” नंदा म्हणाली. “भरतीला जायचं बोलते. त्यात पळायचं असतं, वेळ लावून.”

“मग पळेल की,” मी म्हणालो.

“सर, तुमाला म्हाईत हाय ना.” ती हसली. मनापासून हसली. “मी हिला तुमचंच सांगते. आपले पाय चांगले हायत गो, पन आपल्या मनात दम नाय. ऐन टायमाला ते बसतं. तुमी तेव्हाच ओळखलंत. दुसरं कोन एवढं तोंडावर बोललं नसतं.”

सायली माझ्याकडे बघत होती. शिक्षकाकडे बघतात तशी, आता हे काय सांगतात म्हणून.

वाक्य पाठ होतं. पहिला शब्द फक्त तिचं नाव होता.

“नंदा,” मी म्हणालो.

“बोला ना सर.”

“भरू दे तिला फॉर्म.”

“तुमी बोलता तर भरेल,” ती म्हणाली, आणि ताट माझ्याकडे सरकवलं. “घ्या अजून. तुमी खरं बोललात म्हणून मना कधी तुमचा राग नाय आला, सर.”

मी करंजी घेतली. ती संपेपर्यंत मला बोलता येत नव्हतं, हे चांगलं निमित्त होतं. संपल्यावर मी हात धुतले, सायलीच्या पाठीवर थाप मारली, चपला घातल्या आणि नंदाला म्हणालो, “येतो.”